पांदणीचा कैवार

गेल्या हिवाळ्यात भंडारा येथे पर्यटनवृद्धीचा विचार करण्यासाठी एक लहानशी सभा भरली होती. गावातील चार शिकलेल्या माणसांत आमचीही गणना होत असल्यामुळे आम्हांसही निमंत्रण होते. सभेत एका पाहुण्या तज्ज्ञांनी फ्रान्स देशाच्या ग्रामीण भागाची चित्रे पडद्यावर दाखविली. टेकडीच्या उतारावरून, चेस्टनटच्या राईतून, दगडी कुंपणांच्या मधून एक अरुंद मातीची वाट वळसे घेत गेली आहे. आणि जाड रबरी चाकांच्या सायकलींवर बसून स्त्रीपुरुष, मध्येच एखादे पांढऱ्या केसांचे आजोबाही, त्या वाटेने आनंदात चालले आहेत. चित्रे मनोहर होती यात संशय नाही. ती संपल्यावर पाहुण्यांनी आपली योजना मांडली. तलावाभोवती सिमेंटचा गुळगुळीत मार्ग करावा, त्यास कठडे व विजेचे दिवे लावावेत, दाराशी तिकीटघर बांधावे आणि आत भाड्याच्या सायकली ठेवाव्यात. सभेने टाळ्या वाजविल्या. आमच्या शेजारी एक वकीलमित्र बसले होते. ते कानाशी लागून म्हणाले, "प्रोफेसरसाहेब, दिवे लावतील तेवढे बरे. बाकी सायकलवर बसायला इथे येतो कोण? ज्याला परवडते त्याने मोटार घेतली. ज्याला नाही परवडत तो आधीच सायकलवर आहे, त्याला तिकीट काढायची हौस नाही."

पाहुण्यांची योजना आणि वकीलसाहेबांचा टोमणा ही परस्परविरुद्ध मते आहेत असे सभेतील मंडळींस वाटले असेल. आम्हांस ती एकाच गैरसमजाची दोन पिल्ले वाटतात. चित्रातली सायकल दोघांनीही पाहिली. चित्रातली वाट दोघांपैकी एकानेही पाहिली नाही.

त्या वाटेचा वृत्तान्त ऐकण्यासारखा आहे. फ्रान्सात गावाच्या शिवारातून जाणाऱ्या अशा वाटा फार जुन्या. गुरे चारणीस नेणारी, धान्य गिरणीवर पोचविणारी, रविवारी प्रार्थनामंदिराकडे जाणारी ही वाट. तिची मालकी त्या त्या ग्रामसंस्थेची, आणि वहिवाट सर्व लोकांची. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे जमिनींच्या एकत्रीकरणाची मोठी मोहीम निघाली. तुकडे जोडून ट्रॅक्टरला सोईचे मोठे पट्टे करण्यात आले, आणि त्या भरात कुंपणे, झाडांच्या रांगा व जुन्या वाटा भराभर नांगराखाली गेल्या. तेव्हा जे घडले तेच आज आमच्या जिल्ह्यात घडत आहे. फरक पुढे पडला. १९८३ सालच्या जुलै महिन्यात फ्रान्सने एक कायदा केला, व त्या अन्वये प्रत्येक जिल्ह्याने आपल्या चालण्याच्या वाटांची नोंद करून तिचा आराखडा ठेवावा असे ठरले. एकदा त्या आराखड्यात चढलेली गाववाट विकायची किंवा बंद करायची तर ग्रामसंस्थेला तिच्याऐवजी दुसरी योग्य वाट देणे भाग पडते. नाही तर तो व्यवहारच रद्दबातल. सायकलवाले आले ते यानंतर. त्यांच्यासाठी कोणी सिमेंट ओतले नाही. मिळालेल्या वाटांवर खुणा मात्र केल्या: एक त्रिकोण आणि त्याखाली दोन वर्तुळे. सोप्या वाटेस हिरवा रंग, त्याहून अवघड तिला निळा, मग तांबडा, आणि पट्टीच्या स्वारास काळा. खांबावरची ही रंगीत पाटी, एक नकाशा, आणि वर्षातून एकदोनदा काटेरी झुडपे छाटणारे हात, एवढ्यावर तेथील शेकडो कोसांचा व्यवहार चालतो. मोरवाँच्या डोंगराळ प्रदेशापासून भूमध्य समुद्रापर्यंत सुमारे १४०० किलोमीटरची एक सलग सायकलवाट आहे. तिचा बराचसा भाग असल्याच मातीच्या वाटांचा आहे.

आणि ज्या सायकलीचे आमच्या पाहुण्यांना एवढे कौतुक वाटले तिची जन्मकथा तरी काय? फ्रेंच लोक तिला 'वेतेते' म्हणतात. सर्व प्रकारच्या भूमीवर चालणारी सायकल, अशा अर्थाच्या तीन शब्दांची ती आद्याक्षरे. पण तिचा जन्म फ्रान्सातला नव्हे. १९७० नंतरच्या दशकात कॅलिफोर्नियातील काही रिकामटेकड्या तरुणांनी अडगळीत पडलेल्या, जाड टायरच्या, वजनदार जुन्या सायकली अल्प किंमतीत मिळविल्या आणि टमालपाइस नावाच्या डोंगराच्या कच्च्या वाटांवरून खाली पिटाळल्या. त्या पुढे सुधारत सुधारत १९९६ साली अटलांटा येथील ऑलिंपिक सामन्यांत जाऊन बसल्या. म्हणजे या थोर वाहनाचा मूळ पुरुष आमच्याकडील दूधवाल्याच्या सायकलीचा सख्खा भाऊ ठरतो. मागे दुधाचे दोन कॅन, पुढे वैरणीची पेंढी, घंटी नाही, ब्रेक असला तर असला, अशा थाटात आमचा दूधवाला पहाटे धुऱ्यावरून जी सायकल हाकतो तिच्यावर बसून कोणी साहेब फ्रान्सात उतरला असता, तर त्याला बहुधा काळ्या रंगाच्या वाटेवर पाठविले असते.

'धुरा' हा शब्द आम्ही वापरला. पुण्यामुंबईच्या वाचकांस तो जुवासारखा वाटेल. आमच्याकडे त्याचा अर्थ शेताचा बांध. 'पांदण' म्हणजे दोन्ही बाजूंस झुडपे असलेली, शेताशेतांतून जाणारी गाडीवाट. 'पाळ' म्हणजे तलावाचा बांध. भंडारा जिल्ह्याची रचना या तीन शब्दांत येते. भाताच्या बांध्या, त्यांच्या काठाने धुरे, बांध्यांच्या मधून पांदण, आणि पांदण चढून वर आली की तलावाची पाळ. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या मातीच्या पाळी घालून पाणी अडविले व त्या पाण्यावर धान पिकविले. मालगुजारी गेली ती १९५० च्या कायद्याने, १९५१ च्या मार्चअखेर. तलाव सरकारजमा झाले, आणि सरकारी कागदांतील 'माजी मालगुजारी तलाव' या लांबलचक नावाचा लोकांनी 'मामा तलाव' असा संक्षेप केला. मामा म्हटल्यावर भाच्यांनी काय करावयाचे ते केलेच. कित्येक तलावांत बेशरमाची झाडी माजली, काहींचे पोट गाळाने भरले, काहींच्या पोटात शेती शिरली. तथापि पाळी अजून पुष्कळशा उभ्या आहेत, आणि पाळीवर वाट ही असतेच. एका गावच्या पाळीवरून दुसऱ्या गावच्या पांदणीत, तेथून तिसऱ्या गावच्या आमराईत, मोठ्या सडकेला फारसा पाय न लावता माणूस मैलोगणती जाऊ शकत असे. सकाळी एका बाजूस पाण्यावर धुके, दुसऱ्या बाजूस पिकलेला धान, क्वचित् कडेला ढिवरांची जाळी वाळत घातलेली. आम्ही फ्रान्स पाहिलेला नाही, परंतु फ्रान्सची चित्रे पाहून आमचा जीव हळहळला तो हेव्याने हळहळला नाही.

इंग्रजी वाङ्मयाच्या अध्यापनात आयुष्य गेल्यामुळे येथे एक उदाहरण दिल्यावाचून आम्हांस राहवत नाही. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन हा ग्रंथकार १८७८ च्या शरद ऋतूत एक गाढवीण बरोबर घेऊन दक्षिण फ्रान्सच्या सेव्हेन डोंगरातून बारा दिवस पायी फिरला. पुढच्या वर्षी त्याने त्या प्रवासावर एक लहान पुस्तक लिहिले. त्या पुस्तकाच्या आधाराने फ्रेंचांनी त्याची वाट शोधली, तिला क्रमांक दिला, स्टीव्हन्सनचे नाव दिले, आणि आज दर वर्षी देशोदेशींचे पांथस्थ त्या वाटेने चालतात. एका परक्या माणसाचे बारा दिवस!

आता मराठीकडे पाहा. आमच्या भाषेतील पहिला मोठा गद्यग्रंथ लीळाचरित्र; तो बहुतांशी एका चालत्या पुरुषाचे चरित्र आहे. श्रीचक्रधर गावोगाव, नदीकाठाने, रानावनांतून पायी हिंडले, आणि म्हाइंभटाने तेराव्या शतकात त्यांच्या आठवणी गोळा केल्या. त्यांतील नीळभट्ट भांडारेकार हा शिष्य याच भंडाऱ्याचा, असे महानुभाव परंपरा सांगते. त्याच पंथातील 'स्थानपोथी' हा ग्रंथ श्रीचक्रधर कोणत्या गावी, कोणत्या देवळात, गावाच्या कोणत्या दिशेस राहिले याची टिपणे देतो. नकाशा काढणाऱ्याला याहून अधिक साहित्य कोणते हवे? फ्रेंचांनी स्टीव्हन्सनच्या गाढविणीच्या खुरांचाही माग राखला. आम्ही आमच्या आद्य गद्याची वाट एम्. ए. च्या प्रश्नपत्रिकेत बंदिस्त केली. यात प्राध्यापक या नात्याने आमचाही अपराध आहेच. तीस वर्षे इंग्रजी शिकविताना स्टीव्हन्सनची वाट आम्हांस तोंडपाठ झाली आणि भंडाऱ्याहून पवनीस सडकेवाचून कसे जावे हे मात्र एका गुराख्याला विचारावे लागले. ती पवनी तरी सामान्य आहे काय? १९६९-७० साली तेथे नागपूर विद्यापीठ व पुरातत्त्वखाते यांनी उत्खनन केले आणि बौद्ध स्तूपाचे अवशेष उजेडात आणले. इतक्या जुन्या गावाकडे माणसे पूर्वी कोठून येत असतील, हा प्रश्न मोटारीतून उतरणाऱ्या माणसाला सुचत नाही.

पण हे सारे शौकाचे बोलणे झाले, असे कोणी म्हणेल. रास्त आहे. म्हणून जिच्यामुळे हा लेख लिहावयास आम्ही बसलो ती गोष्ट सांगतो.

दोन वर्षांपूर्वी आमच्या वर्गात एक मुलगी होती. तिचे गाव पांदणीने सुमारे ६ किलोमीटर, सडकेने ११. शाळेत असताना मिळालेली सायकल तिने जपून ठेवली होती व ती तिच्यावरून महाविद्यालयात येई. गावाबाहेरची पांदण, मग तलावाची पाळ, मग दोन शेतांच्या मधला रुंद धुरा, आणि शेवटी शहराची हद्द, असा तिचा मार्ग होता. पहिल्या वर्षी तिची एक दिवसही गैरहजेरी नव्हती. दुसऱ्या वर्षी रब्बीच्या तोंडाशी त्या धुऱ्याच्या एका मालकाने बांध कोरून शेतात घेतला. दुसऱ्याने पांदणीच्या तोंडाशी तारेचे कुंपण घातले. मुलगी सडकेने येऊ लागली. आमच्या सडकेवरून रेतीचे टिप्पर कोणत्या वेगाने धावतात हे या जिल्ह्यातील वाचकांस सांगावयास नको. एके दिवशी टिप्परला वाट देताना ती सायकलसह खाली खड्ड्यात गेली. हात मोडला नाही, कोपर सोलवटले इतकेच. परंतु बापाने ते पाहिले आणि दुसऱ्या दिवसापासून तिचे येणे बंद झाले. आम्ही त्यांच्या घरी गेलो तेव्हा बाप म्हणाला, "सर, शिकवायचं होतं जी मला. पण एवढीच पोरगी आहे." वैशाखात तिचे लग्न झाले. सायकल अंगणात उभी होती. धाकट्या भावाने तिची चेन काढून नेली होती.

सायकल दिल्याने मुली शिकतात याचा पुरावा आता मागण्याचे कारण उरलेले नाही. पुदुकोट्टै जिल्ह्यात १९९० नंतरच्या साक्षरता-मोहिमेत हजारो ग्रामीण स्त्रिया सायकल शिकल्या. बिहारने २००६ साली नवव्या इयत्तेच्या मुलींस सायकलीसाठी पैसे देण्यास आरंभ केला. त्याचा अभ्यास झाला, आणि जेथे शाळा ३ किलोमीटरहून दूर होती तेथे मुलींची संख्या विशेष वाढली असे आढळले. आपल्या राज्यातही मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींस सायकली मिळतात. सायकल देणाऱ्या हाताचे आम्ही आभार मानतो. परंतु ती चालवावयाची कोठे, हे कोणत्या खात्याच्या टेबलावर ठरते? घोडा दिला आणि मैदान नांगरले, असा हा प्रकार आहे.

वकीलसाहेबांस आमचे सांगणे असे की, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्याच कपाटात आहे. गावनकाशावर जुन्या गाडीवाटा व पाऊलवाटा तुटक रेषांनी दाखविलेल्या असतात. १९०६ च्या मामलतदार न्यायालय अधिनियमाप्रमाणे वहिवाटीची वाट कोणी अडविली तर तहसीलदार तो अडथळा दूर करवू शकतो. मात्र दावा सहा महिन्यांच्या आत लावावा लागतो. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत तर केवळ विदर्भासाठी एक स्वतंत्र प्रकरण आहे. निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज हे जुन्या मध्यप्रांतातले दोन शब्द त्यात जिवंत आहेत. वाजिब-उल-अर्ज म्हणजे गावच्या रूढींची नोंद. खासगी जमिनीतून पाणी नेण्याची, वाटेने जाण्याची, मासे धरण्याची वहिवाट कोणाची कशी आहे हे त्यात लिहावयाचे असते. फ्रान्सने १९८३ साली जे नव्याने केले त्याचे बीज आमच्या दप्तरात त्याच्या कितीतरी आधीपासून पडून आहे. त्यावर पाणी कोणी घातले नाही. मुलीच्या बापाला सहा महिन्यांची मुदत ठाऊक नव्हती. आणि ठाऊक असती तरी ज्याच्या शेतात तो रोवणीला जातो त्याच्यावर दावा लावण्याची त्याची छाती झाली नसती. म्हणूनच हे काम एकेका बापावर न टाकता ग्रामपंचायतीने वाटांची यादी करून, ती ग्रामसभेत वाचून, नकाशासह भिंतीवर लावली पाहिजे.

पाणंद रस्त्यांसाठी शासनाच्या योजना आहेत, २०२१ साली 'मातोश्री' या नावाने एक मोठी योजना निघाली, हे आम्ही विसरलो नाही. शेतकऱ्याचा धान पावसाआधी घरी आला पाहिजे आणि ट्रॅक्टर चिखलात रुतू नये, याला कोण विरोध करील? आमचे म्हणणे इतकेच की, ट्रॅक्टरला लागणारी वाट व सायकलला लागणारी वाट एक नव्हे. पहिलीला मुरूम, खडी, रुंदी व पैसा हवा. दुसरीला हातभर रुंद कोरडी माती आणि मध्ये कुंपण नसणे पुरे. पहिलीची मागणी करणारे पुष्कळ आहेत, कारण तिच्यात कंत्राट आहे. दुसरीत कोणालाच काही मिळत नाही. तिचे दारिद्र्य हेच तिचे मरण. तलावाभोवतीच्या सिमेंटच्या मार्गात मात्र पुष्कळांस पुष्कळ मिळते, आणि तो जेथून निघतो तेथेच परत येऊन पोचतो. गोल फिरणाऱ्या वाटेने कोणती मुलगी शाळेत जाणार?

काही आक्षेप खरे आहेत, ते लपविण्यात अर्थ नाही. वाघाचा आक्षेप पहिला. उमरेड-पवनी-कऱ्हांडलाचे अभयारण्य, कोकाचे अभयारण्य, नवेगाव-नागझिऱ्याचा व्याघ्रप्रकल्प, एवढे अरण्य आमच्या अंगाला लागून आहे, आणि पहाटे मोह वेचावयास गेलेली माणसे परत न आल्याच्या बातम्या आम्ही दर उन्हाळ्यात वाचतो. अभयारण्यात सायकलवाट काढा असे आम्ही म्हणत नाही व कोणी म्हटले तर त्यास विरोध करू. वाट हवी ती तलावांच्या, धानाच्या प्रदेशात. आणि वाघ तेथेही फिरकतो म्हणून काही वाटा काही महिने बंद ठेवाव्या लागतील. फ्रान्सातही निर्भय स्वर्ग नाही. २०१८ च्या ऑक्टोबरात आल्प्समधील मोंत्रियाँ गावाजवळ एक ब्रिटिश सायकलस्वार शिकाऱ्याच्या गोळीने ठार झाला. तेथील वाघाच्या हाती बंदूक असते, एवढाच भेद. दुसरा आक्षेप पावसाचा. रोवणीच्या दिवसांत धुऱ्यावर सायकल घालणे शेतकऱ्याला मान्य होणार नाही व होऊही नये. ओल्या पाळीवर चाकांचे चर पडले तर पाळीलाही धोका. जूनपासून धान कापून होईपर्यंत त्या वाटा मिटलेल्या असाव्यात. मुलींची अडचण अशाने पावसाळ्यात उरते हे आम्हांस दिसते, आणि तेवढ्या महिन्यांसाठी एस्. टी. ची गाडी वेळेवर येण्यावाचून दुसरा उपाय आम्हांस सुचत नाही.

नागपूरच्या सायकलस्वारांविषयी दोन शब्द. रविवारी पहाटे ही उत्साही मंडळी महामार्गाने आमच्याकडे येतात, चहा घेतात व परत जातात. नागपूरच्याच डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली अमेरिका खंड सायकलने ओलांडण्याची शर्यत एकट्याने पुरी केली, तेव्हा त्या नगरीत सायकलीचे वेड आहे यात आश्चर्य नाही. पण लाखाची सायकल घेऊन मालमोटारींच्या धुरात पाय मारण्यात त्यांस काय सुख वाटते ते त्यांचे त्यांस ठाऊक. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गावर दुचाकीस मज्जाव आहेच, आणि तोच मार्ग पुढे भंडारा-गोंदियाकडे वाढविण्याचे योजलेले आहे. वेगाच्या सडका वाढत जाणार आणि सायकलला तेथून हाकलले जाणार, हे आता लिहून ठेवावे. अशा वेळी पांदणीचा कैवार घेण्यात त्या मंडळींचाही स्वार्थ आहे. त्यांनी एका रविवारी महामार्ग सोडून पाळीवरून यावे. वाट चालती राहिली म्हणजे ती कोरण्याची हिंमत शेजाऱ्याला होत नाही.

आमच्या सुशिक्षित कुटुंबांस काय सांगावे? मुलगा दहावी झाला की त्याच्यासाठी मोटारसायकल, आणि तोवर शिकवणीस सोडावयास बापाची मोटार, असा आमचा शिरस्ता. सायकलवर बसलेला मुलगा दिसला तर 'यांचे बरे चालले नाही काय?' अशी शेजारी चौकशी होते. आमच्याही घरात हेच झाले. थोरल्याच्या वेळी आम्ही काही बोललो नाही, धाकट्याच्या वेळी बोललो आणि कोणी ऐकले नाही.

या पौषात दोन विद्यार्थ्यांस बरोबर घेऊन आम्ही त्या मुलीच्या गावापर्यंत जुन्या वाटेने सायकलवर गेलो. वय पन्नाशी उलटलेले, सायकल उसनी. दोनदा उतरावे लागले. पाळ शाबूत आहे. पांदणीच्या तोंडाशी तारेखालून सायकली आडव्या करून काढल्या. धुऱ्याच्या जागी सुमारे तीनशे पावले लाखोळी उभी होती, तिच्या कडेने सायकली हाती धरून चाललो. शेतमालक बांधावर बसला होता. आम्ही भीतभीत वाटेची गोष्ट काढली. तो रागावला नाही. "माझ्या बापाच्या वेळेस वाट होती जी, नाही कसं म्हणू?" तो म्हणाला. "पण पलीकडल्यानं आधी कोरली, मग मी एकटाच काहून सोडू? नकाशा आणा. दोघांची मोजून द्या. मी उद्या सोडतो."

नकाशाच्या नकलेसाठी आम्ही रीतसर अर्ज केला आहे. हा मजकूर छापावयास जाईपर्यंत नक्कल हाती आलेली नाही.